गोदावरी कालव्यांचा जमाखर्च

आर्थिक वाढ मोजताना जमेला काय धरायचे आणि खर्ची काय टाकायचे, हा ‘पर्यावरणीय लेखांकन’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या शाखेचा मूळ प्रश्न आहे. जमीन, पाणी, जंगल, मासळी या नैसर्गिक ठेवी राष्ट्रीय उत्पन्नाच्या नेहमीच्या हिशेबात येत नाहीत. त्यांची आवक, वापर आणि झीज मोजून ती उत्पन्नाच्या आकड्यांशेजारी मांडणे हे या शाखेचे काम होय. ही शाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली असली, तरी तिच्यातले बरेचसे वाद महाराष्ट्रात त्याआधीच एका सार्वजनिक कामाभोवती उभे राहिले होते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बांधलेला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि त्याच्या दोन्ही तीरांवरून निघणारे गोदावरी कालवे, हे ते काम. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या कामाचा हिशेब अनेकदा मांडला गेला, आणि मांडणारा बदलला तसतशी हिशेबाची रीतही बदलली.

या हिशेबांची सुरुवात दुष्काळातून झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने दख्खनच्या जिल्ह्यांतून पीकपाणी, धान्याचे भाव आणि दुष्काळी कामांवरील मजुरी यांची माहिती जमवून सरकारकडे सविस्तर वृत्तान्त पाठवले. त्या खटपटीमागे ज्यांची बुद्धी होती, ते महादेव गोविंद रानडे १८४२ साली निफाडलाच जन्मले होते. त्याच सुमारास, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजी यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांताप्रांतांतील पिकांचे क्षेत्र, एकरी उतारा आणि बाजारभाव यांचा गुणाकार करून दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचा अंदाज मांडला. देशाचे उत्पन्न मोजण्याचा हा पहिला मोठा एतद्देशीय प्रयत्न होता आणि त्याचा रोख उत्पन्नाइतकाच संपत्तीच्या बाहेर वाहून जाण्याकडेही होता. जमेबरोबर गळतीही मोजली पाहिजे, ही जाणीव मराठी मुलखातील अर्थविचारात अशी प्रारंभापासून आहे. फक्त तेव्हाची गळती लंडनकडे जाणारी होती, जमिनीच्या पोटातली नव्हती.

सरकारचा हिशेब निराळा होता. पाटबंधाऱ्याचे काम कर्ज काढून करायचे, तर पाणीपट्टीतून त्या भांडवलावरचे व्याज सुटले पाहिजे, अशी खजिन्याची अपेक्षा असे, आणि दख्खनची कामे या कसोटीला उतरत नसत. मुठा आणि नीरा कालव्यांचा अनुभव हेच सांगत होता, कारण पाऊस बरा झाला की शेतकरी पाटाचे पाणी घेत नसे आणि पाऊस गेला की साऱ्यांनाच एकदम पाणी हवे असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ पडल्यावर १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग नेमला गेला. १९०३ मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालात ‘उत्पादक’ आणि ‘संरक्षक’ या दोन प्रकारच्या कामांतील भेद नेटकेपणाने मांडलेला आहे. उत्पादक काम म्हणजे आपल्या महसुलातून आपले व्याज फेडणारे. संरक्षक काम तेवढे कमावत नाही. मात्र ते नसते तर दुष्काळात सरकारला मदतकार्यावर जो पैसा ओतावा लागला असता तो वाचवते, म्हणून तो वाचणारा खर्चच त्याचे उत्पन्न मानावा, असा त्यामागचा युक्तिवाद होता. आजच्या पर्यावरणीय अर्थशास्त्रात पूर अडवणाऱ्या पाणथळीचे किंवा माती धरून ठेवणाऱ्या जंगलाचे मोल ज्या ‘टळलेल्या खर्चाच्या पद्धती’ने काढतात, तिचाच हा जुना सरकारी अवतार म्हणता येईल. ज्याची बाजारात विक्री होत नाही, त्याचे मोल त्याच्या अभावी होणाऱ्या नुकसानीवरून ठरवणे, हे दोहोंतले समान सूत्र आहे. आयोगाला अर्थातच खजिन्याची नुकसानी दिसत होती. दुष्काळात मेलेल्या गुरांची आणि गाव सोडून गेलेल्या माणसांची नव्हे.

संरक्षक कामांच्या या धोरणातून गोदावरी कालव्यांची योजना उभी राहिली. नाशिकच्या नैर्ऋत्येला, इगतपुरीकडच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात, दारणा नदीवर धरण बांधून पाणी साठवायचे, ते नदीच्या पात्रातूनच खाली आणायचे आणि नांदूरमध्यमेश्वरला अडवून डाव्या-उजव्या कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव या पर्जन्यछायेतील कोरड्या पट्ट्याला द्यायचे, अशी ती रचना होती. दारणा धरण १९१६ मध्ये पुरे झाले. पुढे १९२६ मध्ये प्रवरेवर भंडारदरा धरण झाले आणि नाशिक-अहमदनगर जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा सगळा टापू ‘कालव्याचा मुलूख’ बनला.

ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी काढलेल्या या कालव्यांचे अर्थकारण मात्र उसावर तोलले गेले, कारण बारमाही पाणी घेऊन चढी पाणीपट्टी भरणारे दुसरे पीकच नव्हते. येथे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या ब्लॉक पद्धतीचा उल्लेख करावा लागतो. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची नोकरी सुरू झाली ती नाशिकलाच, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर त्यांनी सुचवलेली ही पद्धत पुढे दख्खनच्या कालव्यांवर रूढ झाली. ठरावीक क्षेत्राचा एक गट पाडायचा, त्यातील साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस करू द्यायचा, बाकीच्या जमिनीत कमी पाण्याची पिके घ्यायची, आणि असे गट अनेक गावांत विखरून ठेवायचे, असे तिचे स्वरूप होते. बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी त्याही आधीपासून चालत आलेल्या फड पद्धतीत गावकरी बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडून पिकांची आळीपाळी ठरवत आणि पाटकऱ्याकडून पाणी वाटून घेत. ब्लॉक पद्धत तिच्या जवळ जाणारी असली तरी तिचा हिशेब गावाच्या हातात नव्हता, तो पाटबंधारे खात्याच्या दप्तरात होता. सासवडकडचे माळी खंडाने जमिनी घेत कालव्यांमागोमाग आले, गुळाची गुऱ्हाळे लागली, आणि १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर या पट्ट्यात साखर कारखाने उभे राहिले.

जमेची बाजू अशी फुगत असतानाच खर्चाची बाजू जमिनीखाली लिहिली जात होती. दख्खनच्या नदीकाठची काळी जमीन खोल असते, तिच्याखाली मुरूम असतो, आणि उसाला दिलेले जादा पाणी त्या मुरमात उतरून सखल भागात वर येते. वर येताना ते क्षार घेऊन येते, पाणी उडून जाते आणि पांढरा थर मागे राहतो. शेतकरी अशा जमिनीला खारवट किंवा चोपण म्हणतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. १९१६ मध्ये मुंबई सरकारने याच प्रश्नासाठी पाटबंधारे संशोधनाचा एक स्वतंत्र विभाग काढला आणि त्याची धुरा पुढे क्लॉड इंग्लिस यांच्याकडे आली. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेचे मूळ तेथे आहे. विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षानुवर्षे नोंदवणे, भोके पाडून मुरमाचा थर किती खोल आहे ते पाहणे, त्या थरापर्यंत पोचणारे चर खणून पाणी काढून देणे आणि सुधारलेल्या जमिनीत पुन्हा पीक येते का ते तपासणे, असे हे काम होते. नैसर्गिक ठेवीच्या स्थितीची ही पद्धतशीर नोंद होती; पण ती अभियंत्यांची नोंद होती आणि महसुलाच्या ताळेबंदाशी तिची गाठ कधी घातली गेली नाही. बिघडलेल्या एकराची पाणीपट्टी बुडाली, एवढाच तिचा खजिन्याशी संबंध आला.

ही गाठ घालण्याच्या सर्वांत जवळ जो मनुष्य आला, तो नाशिकचाच. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला, बालपण नागपूरला गेले, आणि केंब्रिजला लिहिलेला त्यांचा हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० मध्ये पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था काढली तेव्हा गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या जागी राहिले. अर्थशास्त्र घरात बसून करायचे नाही, गावात जाऊन करायचे, हा त्या संस्थेचा बाणा होता. मान यांनी पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक या गावांच्या पाहण्यांतून तो मार्ग दाखवला होता. संस्थेने वाई तालुक्यातील शेतीधंद्याच्या पाहणीत तो तालुक्याच्या पातळीवर नेला. अशा पाहणीतला खरा पेच पैशात न होणाऱ्या व्यवहारांचा असतो. घरचा बैल, घरच्या माणसांची मेहनत, शेतातले शेणखत आणि बलुतेदाराला दिलेले धान्य यांना भाव लावायचा तर तो कोणता, हे ठरवल्याशिवाय शेतीचा नफा-तोटा सांगताच येत नाही. ज्या वस्तूला बाजारभाव नाही तिला मानीव भाव लावण्याची ही जी कसरत, तीच पुढे ओढ्याच्या पाण्याला आणि रानातल्या लाकडाला भाव लावताना कामी आली.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी गाडगीळांनी संस्थेमार्फत केली आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. खजिना जो प्रश्न विचारत असे, की कालव्यातून सरकारला किती मिळाले, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि कालव्यामुळे समाजाला किती मिळाले, असा प्रश्न घेतला. त्यासाठी पाटाखालची शेती आणि तिच्याजवळचीच पण पावसावर अवलंबून असलेली शेती यांची तुलना हा मुख्य आधार होता. कालवा येण्यापूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली, तर मधल्या काळातले भावांचे चढउतार, रेल्वे, लोकसंख्या असे सगळेच त्या फरकात मिसळते. ‘कालवा आहे’ आणि ‘कालवा नाही’ अशा शेजारच्या दोन प्रदेशांची तुलना केली, की निदान काळाचा घोटाळा टळतो. शेतकऱ्याच्या उत्पन्नातली वाढ हा प्रत्यक्ष लाभ झाला. मजुरांना मिळालेले जादा काम, उसावर उभे राहिलेले कारखाने, वाढलेला व्यापार आणि वाहतूक हे अप्रत्यक्ष लाभांत आले. सार्वजनिक प्रकल्पाचे मूल्यमापन त्याच्या वह्यांबाहेर जाऊन करण्याचा हा भारतातला पायाभूत प्रयत्न मानला जातो, आणि त्याच संस्थेच्या सोवनी व रथ यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिराकूड धरणाच्या अभ्यासाला त्यानेच वाट करून दिली.

या पाहणीचे महत्त्व तिच्या आकड्यांपेक्षा तिने ओलांडलेल्या उंबऱ्यात आहे. कामाचा परिणाम त्याच्या मालकाच्या वहीत मावत नाही, हे एकदा मान्य झाले, की तो परिणाम नेहमी लाभच असेल असे धरण्याचे कारण उरत नाही. अप्रत्यक्ष लाभ मोजता येतात त्याच रीतीने अप्रत्यक्ष हानीही मोजता येते. १९४८ च्या अहवालाच्या शीर्षकात लाभ तेवढे आहेत. धरणे बांधण्याची घाई झालेल्या, अन्नटंचाईने गांजलेल्या देशात तसे असणे स्वाभाविक होते, पण इंग्लिस यांच्या विहिरींच्या नोंदी आणि गाडगीळांच्या शेतीधंद्याच्या नोंदी एकाच ताळेबंदात आल्या असत्या, तर भारतातील पर्यावरणीय लेखांकनाचा आरंभ कोपरगाव-निफाडच्या शिवारात आणि चाळीस वर्षे आधी झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

गाडगीळ मात्र लगेचच दुसऱ्या, अधिक मोठ्या हिशेबात गुंतले. ऑगस्ट १९४९ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष होते आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर गाडगीळ सदस्य होते. समितीच्या १९५१ च्या पहिल्या अहवालाने १९४८-४९ चे राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये आणि दरडोई उत्पन्न २५५ रुपये धरले. शेती, पशुधन, खाणी अशा क्षेत्रांत समितीने उत्पादन पद्धत वापरली, म्हणजे एकूण उत्पादनाच्या किमतीतून बी-बियाणे, खत अशा खर्ची पडलेल्या वस्तू वजा करून उरलेले मूल्यवर्धन घेतले. व्यापार आणि सेवा यांत जेथे उत्पादन मोजता येत नव्हते तेथे कामकऱ्यांची संख्या आणि त्यांची सरासरी मिळकत यांवरून उत्पन्न पद्धतीने अंदाज केला. निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी यंत्रे आणि इमारती यांचा घसारा वजा होत असे. घसारा वजा केल्याशिवाय उत्पन्न म्हणायचे नाही, हे तत्त्व येथे आहे, पण ते माणसाने घडवलेल्या वस्तूंपुरतेच आहे. उसाला पाणी देणाऱ्या पंपाची झीज धरली जाते. त्याच पाण्याने चोपण झालेल्या जमिनीची नाही. विहीर उपसली की पाण्याच्या किमतीऐवजी तेलाचा किंवा विजेचा खर्च तेवढा मांडला जातो, आणि विहिरीचा तळ खाली गेल्यावर ती आणखी खोल खणण्याची मजुरी उत्पन्नात भरच घालते. हा दोष एकट्या भारतीय समितीचा नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी १९५३ मध्ये घालून दिलेल्या राष्ट्रीय लेखांच्या पद्धतीतही तो होता, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचे आद्य आचार्य सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्येच अशा आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण ताडू नये, असे बजावून ठेवले होते.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे वाढीच्या दराची होती. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळले, पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि १९७१ मध्ये निवर्तले. जंगलाच्या खर्चाच्या बाजूकडे लक्ष वेधले ते त्यांचे चिरंजीव परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी. कर्नाटकातील बांबूच्या वनांचा अभ्यास करताना, कागद गिरणीला बांबू टनामागे दीड रुपया दराने दिला जात असल्याचे त्यांनी मांडले. इतक्या स्वस्तात मिळणारा माल जपून वापरण्याचे कारण गिरणीला नव्हते, आणि रान संपले तरी तिच्या ताळेबंदात तोटा दिसत नव्हता. वडिलांनी मानीव भावाचा जो प्रश्न शेतकऱ्याच्या बैलाबाबत सोडवला, तोच मुलासमोर रानाबाबत उभा राहिला.

जगाच्या पातळीवर या प्रश्नाला १९८९ मध्ये चालना मिळाली. रॉबर्ट रेपेटो यांनी त्या वर्षी इंडोनेशियाच्या राष्ट्रीय उत्पन्नातून तेल, जंगल आणि माती यांची झीज वजा करून पाहिली आणि वाढीचा दर बराच खाली येतो हे दाखवले. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पर्यावरणीय-आर्थिक लेखांकनाची पहिली मार्गदर्शिका काढली, २०१२ मध्ये तिच्या गाभ्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि २०२१ मध्ये परिसंस्थांचे लेखे त्यात आले. भारतात पार्थ दासगुप्ता यांच्या समितीने हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा २०१३ मध्ये सादर केला आणि २०१८ पासून केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय पाणी, जमीन, वने यांचे लेखे प्रसिद्ध करू लागले. नवी पद्धत भौतिक मोजमाप आणि पैसा असे दोन लेखे शेजारीशेजारी ठेवते. आधी हेक्टर, घनमीटर, टन यांत ठेव किती होती, किती आली, किती गेली हे लिहायचे, आणि रुपयांचा प्रश्न त्यानंतर घ्यायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रुपयांत रूपांतर करणाऱ्या पद्धती, मग ती पर्यटकाच्या प्रवासखर्चावरून मोल काढण्याची असो वा लोकांना ‘हे राखायला किती द्याल’ असे विचारण्याची, नेहमीच वादग्रस्त राहणार, पण घनमीटराचा वाद फूटपट्टीने मिटू शकतो.

नाशिक जिल्ह्यात घनमीटराचा हिशेब शेतकऱ्यांच्या हातात पोचला तो ओझरला. १९९० च्या दशकाच्या आरंभी बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांनी तीन पाणीवापर संस्था स्थापन केल्या. तोवर पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर बसत असे, त्यामुळे दोन पाळ्यांचे पाणी एका पाळीत घेणाऱ्याला आणि काटकसरीने घेणाऱ्याला एकच दर पडे. संस्थांना मोजून पाणी मिळू लागले आणि ते वाचवण्यात त्यांचा फायदा दिसू लागला. त्यांनी ओढ्यांवर बंधारे घालून विहिरींचे पुनर्भरण केले, म्हणजे वरचे पाणी आणि भूजल एकाच वहीत आणले. २००५ च्या राज्याच्या कायद्याने पाणीवापर संस्थांना आणि घनमापनाला वैधानिक आधार दिला. सरकारी लेख्यांचे मानक ठरण्याआधी हे घडले होते, ही गोष्ट या शाखेच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

नांदूरमध्यमेश्वरला दरम्यान एक न मागितलेली जमा पडली होती. वरून येणारा गाळ बंधाऱ्याच्या फुगवट्यात साचत गेला. अभियंत्याच्या दृष्टीने ही साठवणक्षमतेची हानीच होती. पण त्या गाळावर उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. २०२० च्या आरंभी १,४३७ हेक्टर क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले, आणि असा दर्जा मिळवणारे हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. तेथे ५३६ जातींची नोंद आहे. १९३८ मध्ये देवळालीवरून वर्णन केलेला आणि आज अतिसंकटग्रस्त गणला जाणारा एक लहानसा मासा त्यांत आहे. परिसंस्थेच्या लेख्यात या स्थळाचा विस्तार हेक्टरांत लिहावा लागेल, स्थितीच्या रकान्यात जलपर्णीचा फैलाव आणि वरच्या शहराचे सांडपाणी येईल, आणि सेवांच्या रकान्यात सिंचन, मासेमारी, पुराचा जोर ओसरवणे हे सारे एकाखाली एक येईल. गाळ मात्र दोन्ही बाजूंना लिहावा लागेल, साठवणीत उणे आणि अधिवासात अधिक, आणि या दोहोंची वजाबाकी करून एकच आकडा काढण्याचा मोह आवरणेच शहाणपणाचे आहे.

२०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने, हिरालाल मेंढेगिरी समितीच्या अभ्यासाचा आधार घेऊन, गोदावरीच्या ऊर्ध्व खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचा आदेश दिला, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो टिकला. त्यानुसार १५ ऑक्टोबरला धरणांतील साठे पाहिले जातात आणि मराठवाड्यातील पैठणच्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास नाशिक-नगरकडील धरणांनी किती पाणी सोडायचे ते ठरते. नाशिककडून सोडलेले पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून जाते, तेथेच त्याचा विसर्ग मोजला जातो, आणि पैठणला पोचेपर्यंत त्यात जी तूट येते तिला वहनव्यय म्हणतात. त्या वहनव्ययातला काही भाग उन्हाने उडतो. बाकीचा पात्राच्या वाळूत मुरून दोन्ही काठांच्या विहिरींना लागतो, आणि तेवढे पाणी मराठवाड्याच्या हिशेबात तोटा म्हणून लिहिले जाते, तर काठच्या गावांच्या हिशेबात ते अजून कोठेच लिहिले जात नाही.